लाटेखालच्या होड्या कोणी बघितल्यात का?

अर्धा_चहा
परवा एका ओळखीच्या गृहस्थांची पोस्ट वाचली आणि डोक्यातच गेली. सारांश असा की जपानी चित्रकारांनी दोनशे वर्षांपूर्वी सुतार, हमाल, कोळी, शेतकरी यांना "सन्मानाने" चित्रात आणलं आणि आपण मात्र राजे नि देवच रंगवत बसलो. सोबत अर्थातच होकुसाई या चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट. खाली बदाम, हात जोडलेले, "किती वेगळा विचार!" मी दोनच ओळी लिहिल्या तर "तुम्हाला सगळीकडे खोटच का दिसते" असं ऐकून घ्यावं लागलं. तिथे भांडायला जागा नाही म्हणून इथे काथ्याकूट.

ती लाट तुमच्यातल्या निम्म्यांच्या मगवर नाहीतर मोबाइलच्या कव्हरवर आहे. तिच्याखाली तीन होड्या आहेत हे किती जणांनी बघितलंय? ताजी मासळी झटपट एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, पोचवणाऱ्या होड्या त्या, आत वल्हेकरी ओळीने वाकून बसलेत, जीव मुठीत धरून. चेहरे म्हणजे ठिपके. सन्मान झालाय लाटेचा, झालंच तर मागच्या फुजी डोंगराचा. माणसं कशाला, तर लाट केवढी ते कळावं म्हणून. आपण फोटो काढताना वस्तूशेजारी काडेपेटी ठेवतो ना, तसं.

दुसरा चित्रकार हिरोशिगे, त्याची तोकाइदो या हमरस्त्यावरची चित्रं घ्या. शिमादाजवळची ओइ नदी. शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, तिथे पूल होऊ दिला नाही, त्यामुळे प्रवाशांना खांद्यावर नाहीतर फळीवर बसवून पाण्यातून पलीकडे नेणारी माणसं होती, पाणी मांडीपर्यंत असलं तर एक दर, काखेपर्यंत आलं तर जवळपास दुप्पट. आणि हे चित्र काढलंय कुठून? आकाशातून! नदीचं वळण काय सुंदर, आणि हमाल मुंग्या. साल पण बघा, १८३३-३४ च्या सुमाराची मालिका, तेन्पो काळातला मोठा दुष्काळ सुरू झालाय, १८३७ ला ओसाकात बंड झालं त्यापायी. पंचावन्न चित्रांत एक उपाशी चेहरा दाखवा. मी शोधला, मला नाही मिळाला.

उतामारो या चित्रकाराचं तर बोलायलाच नको. रेशमाच्या कामावर बारा चित्रं केलीयेत, बायका पाला घालतायत, कोष उकळून धागा काढतायत, आणि सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या, केसाची बट इकडची तिकडे नाही.

हा सन्मान असेल तर साबणाच्या जाहिरातीत पण गृहिणीचा सन्मानच असतो. झालं माझं.

नागोयाकर_नाना
धागाकर्ते, मुळातच घोळ आहे. तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं लाकडी ठशांच्या छापांची आहेत. हे छाप, म्हणजे उकियो-ए, म्हणजे सगळं जपानी चित्र नव्हे हो! हा रोग भारतात फार आहे, लाट आणि समुराई झाले की जपान संपला. अकरा वर्षं इथे जपानात राहतोय म्हणून सांगतो. कामकरी माणसं बघायची तर आधी चित्रांच्या लांब गुंडाळ्या बघा. बाराव्या शतकातली शिगिसानची गुंडाळी, तांदळाचं अख्खं कोठार उडून चाललंय आणि खाली लोक हात वर करून बोंबलत धावतायत, एकेकाचं तोंड वेगळं. १३०९ ची कासुगा देवस्थानाची, कासुगा गोंगेनची, रेशमावर वीस गुंडाळ्या, त्यात बांधकामावरचे सुतार आहेत, कोणी सूत मारतोय कोणी लाकूड तासतोय, अवजारं इतकी चोख की अवजारांचा अभ्यास करणारे आजही तेच चित्र उघडतात. कावागोएच्या किताइन देवळातला कानो योशिनोबुचा पडदा तर चोवीस तुकड्यांत निव्वळ कारागीर. यातलं एकही नाव न घेता "सन्मान नाही" म्हणून मोकळं व्हायचं, याला काय म्हणायचं?

अर्धा_चहा
नाना, मी चाळीस वर्षं पुण्यात राहतोय, म्हणून शनिवारवाड्यावर बोलायचा परवाना मिळाला का मला? अकरा वर्षं ठेवा बाजूला.

कासुगाची गुंडाळी कोणासाठी, तर देवस्थानासाठी. सुतार का आलेत, तर देवाचं बांधकाम चाललंय म्हणून. आणि ते कारागिरांचे चित्रांसकट काव्यसामने विसरलात वाटतं सोयीस्करपणे. ७१ जोड्या, १४२ धंदे, पंधराशेच्या आसपासचे, आणि विषय काय? चंद्र आणि प्रेम! दरबारी मंडळींनी सुताराच्या, तेलविक्याच्या तोंडी कविता घालायच्या आणि त्याच्या धंद्यातले शब्द चंद्राला जोडून कोटी साधायची. म्हणजे गंमत. गणपतीत सोसायटीतली मुलं कोळी बनून नाचतात तेवढाच कोळ्यांचा सन्मान.

पाटी_पेन्सिल
यात माझी एक काडी. कुवागाता केइसाई या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोतल्या कारागिरांच्या तीन गुंडाळ्या काढल्या, फार सुंदर आहेत, छप्पर शाकारणारे, मासेवाले, सगळे जिवंत. त्या काढून घेतल्या मात्सुदाइरा सादानोबुने. हा तोच माणूस ज्याने सत्तेत असताना "साधे राहा, उधळपट्टी नको" म्हणून सगळ्यांना जेरीस आणलेलं. आणि चित्रांसोबतचा मजकूर लिहिणाऱ्यांत एक लेखक सान्तो क्योदेन, ज्याला याच सादानोबुच्या काळात १७९१ ला पुस्तकांपायी पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलेलं. आधी बेड्या, मग काम. सन्मान शोधा आता यात.

नागोयाकर_नाना
हे अर्ध्या चहाच्या बाजूने आहे की माझ्या?

पाटी_पेन्सिल
कोणाच्याच नाही, मला ते आठवलं की राग येतो एवढंच.

इरलंवाली
मी सहसा वाचून गप्प बसते पण त्या "लग्नाला निघाल्यासारख्या" वरून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे भात. माझी आजी आता ८६ वर्षांची आहे, पाठ सरळ होत नाही, आयुष्यभर तरवा लावला. तिचा एकच फोटो आहे शेतातला, माझ्या काकांनी काढलेला, आणि त्यात ती हसतेय. हसतेय म्हणजे काकाने खोटं दाखवलं का? लावणीला त्या गायच्या पण. तिला विचारलं होतं मी, एवढं वाकून गाणं सुचायचं कसं, तर म्हणाली गायलं नाही तर मागे पडतो, हात जुळायला नकोत का सगळ्यांचे. जपानी शेतीच्या पडद्यांवर लावणीच्या वेळी ढोलकी, बासरी वाजवणारे दाखवलेत ते बघून शहरातल्या माणसाला वाटतं मजा चाललीये. मला तसं वाटत नाही.

आणि तुमच्या यादीत मोरिकागे कसा नाही? कुसुमी मोरिकागे, सतराव्या शतकातला, कानो या चित्रकार घराण्यातल्या तान्यूचा शिष्य, पुढे त्या घराण्याबाहेर पडलेला. दुधीचा मांडव, खाली चटई, चटईवर बाप हनुवटीला हात लावून आडवा झालाय, आई, पोर, आणि वर फिकट चंद्र. बस्स. कोणी काम करत नाहीये. आई कमरेवर उघडीच आहे आणि ते चित्र बघताना एकदाही वावगं वाटत नाही. जपानची राष्ट्रीय ठेव आहे ती. त्यात लाट कुठे आहे, फुजी कुठे आहे? काडेपेटी म्हणे.

अर्धा_चहा
ताई, मोरिकागे मला माहीत आहे आणि आवडतो. पण एक चिमणी आली म्हणून उन्हाळा संपत नाही. शेतीचे पडदे मुळात चिनी नमुन्यावरून आले, सुंग काळातल्या. कित्येकांत शेतकऱ्यांचे कपडे पण चिनी! आणि ते लागायचे कुठे, सरदारांच्या नि देवळांच्या दिवाणखान्यात, म्हणजे "राजा, बघ हो तुझी रयत किती राबते" अशी शिकवण. रयत राबते हे राजाला पडद्यावर बघून कळायचं. वसुलीला बाहेर पडला असता तरी कळलं असतं.

आजींबद्दल आदर आहे, पण घरातल्या आठवणी पुरावा होत नाहीत.

इरलंवाली
माझ्या आजीची पाठ तुम्हाला पुरावा वाटत नाही आणि तुम्हाला लाटेत ठिपके दिसले तो मात्र पुरावा. छान.

ओम_फट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अवांतर: आमच्या ऑफिसातल्या शिपायाचं नाव किती जणांना माहीत आहे ते सांगा आधी, मग जपानला जा.

छापखाना
सगळे जण चित्रात कोण आहे यावर भांडताय. चित्र बनवलं कोणी ते कोण बोलणार?

होकुसाईने फक्त पातळ कागदावर रेघा काढून दिल्या. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून खोदला कोरणाऱ्याने, म्हणजे मूळ चित्र तिथेच फाटून संपलं. मग दर रंगाला वेगळी फळी. मग छापणारा, हातात बारेन, म्हणजे कागद घासायची गोल गादी, दर रंगाला कागद परत त्याच खाचेत बसवायचा. कोपऱ्यात ती खाच असते, केन्तो म्हणतात, ती केसाएवढी चुकली की रजिस्टर हललं, रंग जागेवर बसत नाहीत. आणि बायकांच्या कपाळावरचे केस, ज्याचं जग कौतुक करतं, ते चित्रकार एकेक काढायचाच नाही, कडेची रेघ द्यायचा, एका मिलिमीटरात दोन-तीन केस सोडायचे ते कोरणाऱ्याने. डोकं कोरणारा वेगळा, उस्ताद. अंग नि कपडे कोरणारा वेगळा, शिकाऊ. हे सगळे कामकरीच की. नाव कोणाचं? होकुसाईचं. आणि प्रकाशकाचा शिक्का.

माझे वडील बत्तीस वर्षं ऑफसेटवर मशीनमन होते, पुण्यात. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं छापायची. एका वर्षी चित्रात बाईची नथ होती, तिच्या मोत्यावरचा पांढरा ठिपका प्लेटवर आलाच नव्हता, मोती नुसता राखाडी बटाणा. बाबांनी चारही प्लेटांवर तेवढीच जागा सुईच्या टोकाएवढी खोडली, रात्री दोनला. अंक आला, कोणीतरी परीक्षण लिहिलं, "मोत्यावरचा तो एक शुभ्र बिंदू चित्रकाराची दृष्टी सांगून जातो". बाबांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. चित्रकाराने फोन नाही केला. अंकात मुद्रकाचं नाव, म्हणजे मालकाचं. गेल्या वर्षी गेले बाबा. त्यांचं एक बोट नखापासून नव्हतं, तेही मशीननेच घेतलं. तुमचा सन्मानबिन्मान चालू द्या.

इरलंवाली
पांढरा ठिपका वाचून काय बोलू कळेना. कात्रण अजून आहे का?

छापखाना
आहे. पाकिटातच.

नागोयाकर_नाना
भावना पोचल्या, पण माहिती अर्धी आहे. कोरणाऱ्यांची नावं येतच नसत हे खरं नाही. १८५० नंतरच्या कुनिसादा या चित्रकाराच्या कितीतरी छापांवर "होरि ताके" असा छोटा शिक्का आहे, म्हणजे कोरणारा योकोकावा ताकेजिरो. आणि होकुसाईचं म्हणाल तर त्याने प्रकाशकाला पत्र लिहून एगावा तोमेकिचि हाच कोरणारा हवा म्हणून हट्ट धरला होता. कारण बाकीचे त्याने काढलेली नाकं बदलून उतागावा या दुसऱ्या चित्रकार घराण्याच्या पद्धतीची नाकं कोरायचे, खालची पापणी काढलेली नसताना कोरून ठेवायचे! म्हणजे कोरणाऱ्याला मोकळं सोडलं की काय होतं ते पण बघा. मुखपृष्ठाच्या गोष्टीत बाबा बरोबर होते, दरवेळी असतीलच असं नाही.

छापखाना
नाना तोंड सांभाळून. माझ्या बाबांनी कोणाची नाकं बदलली नाहीत.

नागोयाकर_नाना
मी तुमच्या बाबांबद्दल बोललोच नाही!

छापखाना
"दरवेळी असतीलच असं नाही" हे कोणाबद्दल होतं मग, शोगुनबद्दल? तुमच्यासारखेच चित्रकार यायचे प्रेसमध्ये, चहा पिऊन "निळा जरा उबदार करा" म्हणायचे. उबदार निळा. करून द्यायचो आम्ही, मी पण दोन वर्षं होतो तिथे. शिक्का मिळाला म्हणताय तर केवढा, तांदळाच्या दाण्याएवढा, तोही डोकं कोरणाऱ्याला. छापणाऱ्याचं नाव कुठंय? अंग कोरणाऱ्या पोराचं कुठंय?

पाटी_पेन्सिल
कुनिसादाचंच घ्या ना. १८५७ चं तीन कागदी चित्र आहे, त्यात हाच छापाचा कारखाना दाखवलाय, फळी कोरणं, पटाशा परजणं, कागद भिजवणं सगळं. आणि कोरणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या देखण्या बायका! प्रत्यक्षात पुरुष. कारण पुरुष कोरणारे कोण विकत घेणार. म्हणजे ज्या माणसाने ती फळी कोरली त्याने स्वतःच्या जागी बाई कोरली. छापखाना, हे तुमच्यासाठी.

छापखाना
हे माहीत नव्हतं. साला.

अर्धा_चहा
बघा! हेच मी पहिल्या पोस्टपासून सांगतोय. कामाचं चित्र विकायला आधी कामकरी हटवावा लागतो.

नागोयाकर_नाना
तुम्ही कोरणाऱ्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, श्रेय लाटू नका. (कोटी अनवधानाने झाली.)

आणि "विकायला" म्हणताय तर विकत कोण घ्यायचं? वाडगाभर सोबाच्या, म्हणजे तिकडच्या शेवयांच्या, आसपास किंमत असायची साध्या छापाची. घेणारा एदोतला दुकानदार, सुतार, गावाला परत जाताना आठवण म्हणून नेणारा प्रवासी. दिवाणखान्यातला सरदार नव्हे. हमालाचं चित्र हमालाला परवडत होतं. आपल्याकडे मिनिएचर कोणाला परवडायची सांगा. त्या नजरेने होकुसाईचं ओवारी प्रांतातलं पिंपवाल्याचं चित्र परत बघा, भलंमोठं पिंप, आत वाकून तासणारा माणूस, आणि त्या गोलातून लांबवर फुजी एवढासा त्रिकोण. इथे काडेपेटी कोण आहे? डोंगर! त्याचंच तोतोमी प्रांतातलं बघा, अजस्र तुळई तिरकी लावलीये, एक वर चढून करवत चालवतोय एक खालून, बाजूला करवतीला धार लावणारा, पाठीवर पोर बांधलेली बाई. फुजी तुळईच्या टेकूंमधून दिसतोय. होकुसाईला डोंगरापेक्षा तुळई महत्त्वाची वाटली.

तोक्योतल्या मित्सुकोशिमाए स्टेशनच्या भुयारात एका गुंडाळीची मोठी प्रतिकृती लावलीये, मूळ बर्लिनला आहे, १८०५ च्या सुमाराची, एदोतल्या निहोनबाशीचा रस्ता, बारा मीटर, १६७१ माणसं. मी मुलीला घेऊन तासभर उभा होतो. तिने त्यातलं एकुलतं एक माकड शोधलं, मी पाटीवाले मोजत होतो. ते सगळे खोटे का?

अर्धा_चहा
त्या गुंडाळीचं नाव काय ते सांगा की मंडळींना. "किदाइ शोरान". म्हणजे साधारण, आमच्या भरभराटीच्या काळाचं देखणं दर्शन. सरकारी कॅलेंडर झालं ते. १६७१ माणसं आणि सगळं आलबेल.

पिंपवाला मान्य. तोतोमी पण मान्य, घ्या. एवढं लांबलचक लिहिलंत तर काहीतरी द्यायला हवं. आणि हिरोशिगेचं शोनो, पावसात चढावर डोली घेऊन पळणारे, त्यात पोटऱ्या दुखतात बघताना, हे मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण माझ्या मुद्द्याला अडचण होती. फुजिएदाच्या ठाण्यावर घाम पुसणारे हमाल आहेत ते पण. झालं समाधान? दुष्काळाचं मात्र कोणी उत्तर दिलेलं नाही, नोंद घ्यावी.

तिसरा_मजला
उशिरा आलो. कामकरी कामकरी करताय सगळे. जपानात तेव्हा चार वर्ग मानायचे, सामुराई-शेतकरी-कारागीर-व्यापारी, कुनिसादाच्या त्या चित्राच्या शीर्षकात पण तेच आहे. त्या चारांच्या बाहेर ठेवलेले होते त्यांचं काय? मेलेली जनावरं ओढणारे, कातडी कमावणारे. १८७१ ला हुकूम काढून नावं पुसली, वागणूक नाही पुसली. एवढ्या मोठ्या धाग्यात कोणाला आठवलं नाही याचं नवल वाटत नाही. ढोलकीचा उल्लेख आला वर. ढोलकीवरचं कातडं कोणी कमावलं?

नागोयाकर_नाना
हा वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे आणू नये असं वाटतं.

तिसरा_मजला
तेच नेहमी वाटतं लोकांना.

ओम_फट
पॉपकॉर्न संपलं.

इरलंवाली
भांडणं चालू द्या. काल गावी आले तेव्हा आजीला मोबाइलवर मोरिकागे दाखवला, मोठा करून. काही सांगितलं नाही, जपान वगैरे. बराच वेळ बघितलं, माणसांकडे लक्षच नाही. मग म्हणाली, "मांडव कोणी घातलान हा? एका पावसात बसेल खाली."

अर्धा_चहा
आजींना माझा नमस्कार सांगा. पुरावा म्हणून नोंदवून घेतोय, तुम्ही म्हणता म्हणून.

छापखाना
नाना, तो होरि ताकेचा शिक्का नेमका कुठल्या कोपऱ्यात असतो? फोटो असेल तर टाका. राग नाही.